अधिक आधी की नंतर

“डुप्लिकेट दिसतायत. काढून टाक,” डोना म्हणाली आणि मीटिंगला निघून गेली. माझं बोट डिलीटवर होतं.

डोना माझी बॉस. अमेरिकेतल्या वूस्टरजवळच्या एका युनिव्हर्सिटीची लायब्ररी, साल २००४, उन्हाळा. दोन वर्षांपूर्वी माझा लेऑफ झाला होता. तेव्हा एच-वन व्हिसावाल्याला कुणी उभं करत नव्हतं, डोनानं केलं. त्यामुळे तिचा शब्द मला ब्रह्मवाक्य होता.

काम होतं लिनचा डेटाबेस बांधायचं. डेटाबेस म्हणजे हवी ती नोंद चटकन सापडावी अशी मांडलेली वही. लिन चीनहून पीएचडीला आलेली, अबोल मुलगी. तिचा विषय शंभर वर्षांपूर्वीचं चीनमधलं एक आडवळणाचं गाव. तिथली बडी मंडळी, म्हणजे तांदळाचे व्यापारी, दोन शाळामास्तर, एक निवृत्त अंमलदार, एकत्र आली. त्यांनी नवी शाळा काढली, रस्ते रुंद केले, विजेचे दिवे आणले. त्यांच्या व्यापारी मंडळाची इतिवृत्तं लिननं तीन वर्षं बसून टाइप केली होती.

तिचं म्हणणं, हे सगळं त्यांनी आपण होऊन केलं. तिच्या गाइडला ते पटत नव्हतं. दिवे आणायचा ठराव आधीचा की सरकारी हुकूम आधीचा, एवढं तारखांनी दाखव, असं त्यांनी बजावलं होतं. तीन आठवड्यांवर तिचा डिफेन्स होता, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. ठराव मागून निघाला, तर प्रबंध कोसळणार होता.

आणि नेमक्या दिव्यांच्या वर्षी पाचव्या महिन्याच्या नोंदी दोनदा येत होत्या. तिथी त्याच, बैठकांचे क्रमांकही तेच.

डिलीट दाबलं नाही, याचं श्रेय माझ्या सासूबाईंना. सकाळीच त्यांचा नाशिकहून फोन आला होता. अधिक महिना लागलाय, जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे असतात आणि जावई बसलाय साता समुद्रापार, ही त्यांची तक्रार. ते आठवलं आणि मी लिनच्या टेबलाशी गेलो.

“तुमच्याकडे कधी एकच महिना दोनदा येतो का?”

तिनं चमकून पाहिलं. “येतो. पण तुला कसं माहीत?”

मग उलगडा झाला. ज्यादा महिन्यापुढे त्यांच्याकडे एक खुणेचं अक्षर लिहितात. माझ्या सॉफ्टवेअरनं ते गिळलं होतं. लिननं मूळ कागदांच्या फोटोंवरून खुणा परत भरल्या. मी क्रम लावायचा नियम लिहिला आणि यादी गाइडकडे पाठवली. दोन दिवस माझी कॉलर ताठ होती.

तिसऱ्या दिवशी लिन माझ्या क्यूबिकलमध्ये येऊन उभी राहिली. हातात यादीचा प्रिंटआउट. गाइडनं दोन ओळींवर लाल वर्तुळं काढली होती. आधी हुकूम, मग ठराव. गाव हुकमाचं ताबेदार ठरलं होतं.

“तीन वर्षं मी चुकीचं वाचत होते,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं.

मी ओळी पाहिल्या. हुकूम ज्यादा पाचव्यातला, ठराव नेहमीच्या पाचव्यातला. “क्रम बरोबर आहे,” मी म्हणालो. “अधिक आधी, निज नंतर.”

“कोण म्हणतं?”

“म्हणजे काय? आमच्याकडे तसंच असतं.”

“आमच्याकडे नेहमीचा महिना आधी,” लिन म्हणाली. “ज्यादाचा त्याच्या मागून.”

गाव तिचं, कागद तिचे आणि पंचांग मात्र मी माझं लावलं होतं. तिला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. अधिक महिना ओळखला, आता आणखी काय विचारायचं, या तोऱ्यात मी होतो.

नियमाची एक ओळ उलटी केली. ठराव वर गेला, हुकूम खाली आला. गावानं दिवे आपल्या मनानंच आणले होते.

मी डोनाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “डिलीट कर असं मी म्हणाले होते. तेव्हा चुका दोघांच्या.” लिननं गाइडला ई-मेल केलं आणि कॉपी मलाही आली. क्रम चुकला होता, तो दुरुस्त केलाय, आणि हरवलेला महिना शोधणारा माणूसही हाच, असं तिनं लिहिलं होतं. तिनं नुसतं पहिलं अर्धं वाक्य लिहिलं असतं, तरी खोटं ठरलं नसतं. माझं काँट्रॅक्ट मात्र तिथेच संपलं असतं. त्या दोघींचे उपकार मी आजही मानतो.

डिफेन्स नीट पार पडला. सासूबाईंचं पार्सल अधिक संपल्यावर पोचलं. अनारशांचा चुरा झाला होता. तो आम्ही तिघांनी ब्रेकरूममध्ये चमच्यानं खाल्ला.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव आहे, ‘एक महिना शोधून दिल्याबद्दल’. तो महिना कुठे ठेवायचा हे तिनं मला शिकवलं, हे मात्र तिनं लिहिलेलं नाही. म्हणून ते मी इथे लिहिलं.