बियांसकट काळी द्राक्षं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजाराची यादी करत होते. ‘काळी द्राक्षं, बियांची’ हे सवयीनं लिहूनही झालं होतं. त्याला दीड महिना झाला... यादी अजून दर आठवड्याला होते आणि त्या ओळीपाशी हात थांबतो.

मालतीआत्या मूळची सटाण्याची. नाशकात शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, शेवटी पोटच्या मुलीही ओळखू येईनात. आजीचं सगळं आत्यानंच केलं. तेव्हापासून तिला मरणाची नाही, विसरण्याची धास्ती बसली. नव्वदच्या दशकात कधीतरी तिनं वर्तमानपत्रात वाचलं, की काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत असं काही असतं, जे म्हाताऱ्या मेंदूला कदाचित जपतं. झालं! दुधात हळद, सकाळी अक्रोड आणि हंगामभर द्राक्षं. पिंपळगावहून माझे सासरे कौतुकानं निर्यातीच्या मालाची पेटी घेऊन आले, तर हिनं एक मणी चिरून पाहिला.

“अहो दादा, ह्यात बी कुठंय?”

“बाई, ती नसावी म्हणून तर वर्षभर राबतो आम्ही!”

मग बियांची द्राक्षं हुडकून आणणं माझ्याकडे आलं. “आत्या, त्या लेखात ‘कदाचित’ लिहिलंय,” मी म्हणायचे. “वाचता येतं मला. उद्या तुला ओळखलं नाही, तर रडशील तूच, शैला.”

दोन हजार सालानंतर ती विसरू लागलीच. आधी गॅस, मग घरचा रस्ता, मग मैत्रिणी. शाळेतलं नीटस मराठी गळत गेलं आणि खालून लहानपणची अहिराणी वर आली. या हंगामाच्या सुरुवातीला मी वाटी घेऊन तिच्याजवळ बसले, तेव्हा नव्या पाहुणीकडे पाहावं तसं तिनं अदबीनं माझ्याकडे पाहिलं.

“तुनं नाव काय शे?”

मी सांगितलं. तिनं मान हलवली. ओळख काही पटली नाही. मी रडले नाही, निदान तिच्यासमोर नाही. एक द्राक्ष खाल्लं आणि बी काढून बशीत ठेवायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

“फेकू नको, पोरी. चाव. डोकं नीट राहस.”

तीच शेवटची भेट.

काल बाजारात बियांची द्राक्षं दिसली. आणली, धुतली, तिच्याच वाटीत काढली. बी तुरट लागते, दातांत अडकते. उपयोग होतो की नाही, कोण जाणे... पण मी चावते. ती ‘शैला’ म्हणायची तो आवाज मला विसरायचा नाहीये.