तात्या टोणप्याची हरवलेली म्हैस

फौजेत होतो तेव्हा वाटायचं, किस्से फक्त फौजेतच घडतात. पेन्शनीत आलो आणि पलूसला दूध डेअरीच्या कट्ट्यावर बसायला लागलो, तेव्हा कळलं की इथंही घडतात. पण सांगलीत मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या दुकानाच्या माडीवर, धडधाकट माणसं खुर्चीवर बसून नसलेली म्हैस शोधत असतील, तर तिथं किस्से घडत नाहीत. साचतात! त्या माणसांत मीही होतो. म्हणून सांगतो.

माझी सून अश्विनी आणि इम्रान नावाचा चित्रकार, असं दोघांचं ते ऑफिस. इम्रान मिरजेचा. त्याचे वडील सतारी करतात, हा म्हशी काढतो. टीव्हीवर तात्या टोणपे नावाच्या भोळ्या माणसाची कार्टूनची विनोदी मालिका लागते. तिच्यावर गेम करायचं काम या दोघांना मिळालं होतं. तात्याची म्हैस हरवली आहे, ती खेळणाऱ्यानं शोधायची. चित्रात जिथं माऊस दाबाल तिथं तात्या जातो. वस्तू दाबली की उचलतो, आणि उचललेली दुसऱ्या कशाला तरी लावून बघतो. माणूस दाबला की त्याच्याशी बोलतो. एवढाच खेळ.

वाहिनीची एक अट होती. मालिका बघणारी बहुतेक माणसं माझ्या वयाची. तेव्हा कॉम्प्युटर न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसानं, कुणी काही न सांगता, हा खेळ शेवटपर्यंत नेऊन दाखवायचा. वाहिनीची मुंबईची मॅडम समोर बसून बघणार. तिला पटलं तर पुढचे भागही सांगलीत होणार. नाही पटलं तर ऑफिस बंद, आणि अश्विनी पुण्याला नोकरीला.

माझा मुलगा सरहद्दीवर आहे. अश्विनी नातीला घेऊन पुण्याला गेली, की घरात मी आणि आमची म्हैस. एवढं मला कळत होतं. बाकीचं काही कळत नव्हतं.

“आबा, तुमीच बसा,” अश्विनी म्हणाली. “तुमच्यापेक्षा कमी येणारा माणूस मला कुठं मिळणार?”

बसलो!

* * *

पहिल्या दिवशी सुरुवातीचा भाग माझ्यापुढं लावला. तात्या आपल्या दारात उभा. मी हाताची घडी घालून बघत बसलो.

तात्या डोकं खाजवायचा. इकडं बघायचा, तिकडं बघायचा, पुन्हा डोकं खाजवायचा. माझा चहा आला, पिऊन झाला. खाली हळदीचा एक टेम्पो भरून गेला. तात्या तिथंच!

शेवटी इम्रानला राहवलं नाही. “आबा, काय करताय?”

“बघतोय.”

“तुमी दाबल्याशिवाय तो हलणार न्हाई.”

“का? म्हैस त्याची, गाव त्याचं. टीव्हीवर तर आपला आपण हिंडतोय की!”

“टीव्हीवर त्याला लिहून दिलेलं असतंय. इथं तुमी सांगायचं.”

मी तात्याकडं नीट बघितलं. धोतर, टोपी, मिशा. माझ्याच वयाचा गडी. त्याला विहिरीकडं जा, घराकडं ये, असं मी सांगायचं! फौजेत हुकूम देताना मला कधी संकोच वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला.

* * *

नंतर दोराचं प्रकरण झालं.

म्हैस सापडली की बांधून आणायला दोर हवा. दोर शेजारच्या काशीबाईच्या अंगणात पडलेला. तिच्या दाराला कडी.

“घ्या की दोर,” अश्विनी म्हणाली.

“काशीबाई कुठं हाय?”

“बाजाराला गेलीय.”

“मग येऊ दे तिला.”

मी तात्याला तिच्या फाटकाबाहेर उभा केला आणि थांबलो. इम्रान अश्विनीकडं बघायला लागला, अश्विनी इम्रानकडं.

“आबा, ती येतच न्हाई.” इम्रान हळू आवाजात म्हणाला. “तिला परत यायचं आमी केलेलंच न्हाई.”

“बाजाराला गेलेली बाई घरी येत न्हाई? काय झालं तिला?”

“काय झालं न्हाई आबा! पण असल्या गेममध्ये दिसंल ती वस्तू उचलायचीच असती. जगात सगळे उचलतात!”

“उचलू देत. धनीण घरात नसताना मी कुणाच्या अंगणात पाय ठेवला न्हाई, आणि तात्यालाबी ठेवू देणार न्हाई.”

दोन्ही बाजूंनी कुणी मागं हटेना. अश्विनीनं परोपरीनं सांगून बघितलं. शेवटी दोघांनी बसून काशीबाईचं येणं तयार केलं. आता ती डोक्यावर पाटी घेऊन येते, तात्याला बघते आणि म्हणते, “न्या की भावजी, विचारताय काय!”

एवढ्या एका वाक्यासाठी त्या पोरांची सुट्टी गेली. पण रीत ती रीत!

* * *

माझा मित्र श्यामराव एसटीत ड्रायव्हर होता, सातारा डेपोला. तो मला भेटायला माडीवर आला आणि त्यालाही खेळायला बसवलं. हा गडी माझ्या अगदी उलट. दिसेल ते उचललं! कंदील, सूप, गुळाची ढेप, कुणाची तरी चप्पल, देवळातली घंटा. सगळं आत मावलं, तरी तात्याची पिशवी तेवढीच.

मग यातलं काय कशाला लावायचं, ते श्यामरावाला कळेना. त्यानं गूळ चपलेला लावला. तात्या म्हणाला, “ह्ये जमायचं न्हाई गड्या.” त्यानं घंटा सुपात घातली. तात्या म्हणाला, “ह्ये जमायचं न्हाई गड्या.” कंदील गुळावर ठेवला. तात्या तेच!

श्यामरावाचा चेहरा लाल झाला. “हवालदार,” तो मला म्हणाला, “ह्यो बाबा सवता काय करत न्हाई, आणि आमी केलं तर जमत न्हाई म्हणतोय. आमच्या डेपोत असा एक सायेब हुता!”

माऊस टाकून तो उठला. त्या दिवसापासून त्यानं मालिका बघणंही सोडलं. घरात नातवंडं लावतात, तर हा उठून बाहेर जातो. मी विचारलं, “अरे, मालिकेत त्याचा काय दोष?”

“त्येचं माजं बोलणं बंद हाय.”

* * *

तात्याच्या वाटेवर एक कुत्रं आडवं बसतं. त्याला हलवायचा उपाय पोरांनी असा केला होता: छत्री उघडायची, तिला गूळ फासायचा, त्यावर माश्या बसवायच्या, आणि माश्यांना भिऊन कुत्रं पळणार. हे मालिकेत एकदा झालं होतं म्हणे.

मी म्हटलं, “कुत्र्याला हाड म्हणायचं. जातंय.”

“तसं म्हणायची सोय न्हाई, आबा.”

“छत्रीला गूळ लावायची सोय हाय, आणि हाड म्हणायची न्हाई?”

मग इम्राननं माझ्यापुढं माईक धरला. “म्हणा बरं एकदा.”

मी म्हटलं. खालून हळदवाल्या शेठजींनी माणूस वर पाठवला, काय झालं बघायला!

माझा आवाज खेळात बसला. कुत्र्यावर दाबलं की तात्याच्या तोंडून माझं “हाड!” येतं आणि कुत्रं जातं. पण बसवताना कुठं काय गडबड झाली कुणास ठाऊक. कुत्रं गेल्यावर मी पारावर बसलेल्या सरपंचावर दाबलं, म्हशीबद्दल विचारावं म्हणून. तर सरपंचालाही “हाड!” आणि सरपंचही उठून चालता झाला.

“अगं बाई!” अश्विनीनं तोंडाला पदर लावला.

“चूक हाय, आबा. काढतो,” इम्रान म्हणाला.

मी म्हटलं, “घाई न्हाई.”

* * *

एक लहानसा किस्सा सांगतो. संध्याकाळी पलूसची बस धरायची म्हणून मी खेळ अर्धवट ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर तात्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा. जिथं सोडला होता तिथंच!

“रातभर?” मी विचारलं.

“सेव्ह केलं होतं आबा, तसंच राहतंय,” इम्रान म्हणाला.

त्याला राहवत असेल. मला राहवलं नाही. तेव्हापासून निघायच्या आधी मी तात्याला ओढ्यातून, पारावरून, असेल तिथून चालवत घरी आणायचो. दारात उभा करायचो. मगच चपला घालायचो. त्यात एकदा बस चुकली.

श्यामराव हसला. मी त्याला विचारलं, “एसटी रस्त्यात सोडून कवा घरला गेला हुतास का?”

हसायचा थांबला.

* * *

आमच्याकडं कुणाचं जनावर हरवलं, तर शेजारीपाजारी घरी विचारायला येतात. चहा घेतात, कुठं कुठं बघितलं ते ऐकतात, आपापल्या अंगानं शोध घेतात. मी रोज म्हैस शोधायला सांगलीला जातो, ही बातमी आमच्या आळीत कशी पसरली ते माहीत नाही. माणसं यायला लागली.

पहिला आला हणमंता, आमच्या आळीतलाच. वसरीवर बसला. “आबा, लागला का काय पत्त्या?”

“न्हाई अजून.”

तेवढ्यात गोठ्यातून आमची म्हैस ओरडली. हणमंतानं मान वळवली. “ही कुणाची मग?”

“आमची.”

“मग हरवलीय कुणाची?”

“तात्या टोणप्याची.”

“कुठला ह्यो?”

“टीव्हीतला.”

हणमंतानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, “पोलिसात दिलंय का?”

मी सगळं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर, माऊस, चित्र. तो मान हलवत ऐकत होता. जाताना माझा हात धरून म्हणाला, “काळजी करू नका. आमी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर अंगणात परकी म्हैस बांधलेली! पुढ्यात वैरण टाकलेली. आमची म्हैस तिच्याकडं बघत होती, ती आमच्या म्हशीकडं. कुणी बांधली, विचारलं तर सगळी आळी हणमंताकडं बोट दाखवायची आणि हणमंता म्हणायचा, “बांधावर एकलीच हुती, म्हटलं तीच असंल.”

दुपारी तिचा मालक तरातरा आला. “आवं आबा, तुमची हरवली म्हणून माजी बांधता व्हय?”

“माझी हरवलेली न्हाई.”

“मग माजी कशाला बांधली?”

त्यालाही चहा पाजला. म्हशीला घेऊन तो निघाला. फाटकाशी थांबला, मागं वळून म्हणाला, “सापडली तर कळवा बरं का!”

* * *

मग मॅडम आली.

गाडी खाली उभी. तिच्या घरची माणसं महाबळेश्वरला हॉटेलात पुढं जाऊन थांबलेली, आणि हे काम उरकून तिला तिकडं गाठायचं होतं. हे तिनं पायरी चढतानाच सांगितलं. चहा नको म्हणाली.

मला खुर्चीत बसवलं. सुरुवात मला माहीत होती. शेवटचा भाग मात्र पोरांनी मला मुद्दाम दाखवला नव्हता. अश्विनी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बोलायची परवानगी नव्हती. इम्रान तिच्या शेजारी. त्यालाही नव्हती.

मी काही चुकलो, काही बरोबर केलं. एका ठिकाणी फार अडलो. मॅडम मोबाईल बघत होती. शेवटी तात्याला वीटभट्टीच्या मागं नेला, आणि तिथं म्हैस! रवंथ करत बसलेली. मी दोर लावला. तात्या नाचला. वाजंत्री वाजली. माझ्या मागं अश्विनीचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

मॅडम म्हणाली, “छान. ठीक आहे. बघू आम्ही, कळवू.” आणि पर्स उचलली.

कळवू म्हणजे काय, हे मी पेन्शनीच्या ऑफिसात शिकलो आहे. अश्विनीचा चेहरा बघितला आणि मान वळवून पडद्याकडं केली. तिथं “पुन्हा खेळा” अशी एक पाटी लुकलुकत होती. दाबली.

तात्या दारात. डोकं खाजवतोय. गोठा रिकामा!

“अगं, म्हैस!” मी म्हटलं. “आत्ता बांधली हुती की!”

मी तात्याला जेवढा पळवता येईल तेवढा पळवला. दोर घेतला, कुत्रं घालवलं, ओढा ओलांडला, थेट वीटभट्टी. मागं काही नाही. नुसत्या विटा!

मॅडम दारात पोचली होती. तिथून म्हणाली, “तिथेच होती ना आत्ता?”

“तितंच हुती!”

ती दोन पावलं आत आली. “इम्रान, कुठे गेली?”

“मॅडम, दुसऱ्यांदा जागा बदलती.”

“कुठे असते मग?”

“मलाबी म्हाईत न्हाई. मशीन ठरवतंय.”

“म्हणजे तुम्ही केलंत आणि तुम्हालाच माहीत नाही?”

मी विहीर बघितली. शाळेचं मैदान बघितलं. मॅडमनं पर्स टेबलावर ठेवली.

“देवळाच्या मागे बघितलंत का, आबा?”

“बघितलं.”

“त्या सरपंचाला विचारा ना!”

“इचारलं. त्येला काय ठाव न्हाई.”

“खोटं बोलतोय तो,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. “थांबा, परत ओढ्याकडे चला. नाही, नाही, डावीकडे! ते झाड काय आहे? दाबा त्याला!”

तिचा फोन वाजला. तिनं बघितलं नाही. परत वाजला. खाली गाडीचा हॉर्नही वाजायला लागला. शेवटी पडद्यावरची नजर न काढता तिनं फोन कानाला लावला.

“अरे, थांब ना जरा खाली! आमची म्हैस सापडत नाहीये!”