कावळा, मढचे रिसॉर्ट आणि तव्यावरचा पिझ्झा

सुहृदहो, पत्नीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. अखेर मी हात जोडून जाहीर केले, "तुझ्या त्या मढच्या रिसॉर्टला लेकीला घेऊन जाईन." तत्क्षणी शिवला.

आज वचनपूर्ती. समुद्रसन्मुख आरामखुर्चीत मी यथाविधी विश्रांती घेतली. काहीही वाटले नाही.

लेकीने बोरिवलीहून डब्यातून पिझ्झा आणला होता, आईच्याच पद्धतीचा, तव्यावरचा, बुडाशी करपलेला. त्यातला एक तुकडा कावळ्याने थेट तिच्या हातातून पळवला.

"बाबा, आईच ही! इथला बुफे सोडून घरचंच खाल्लं बघ."

ती हसली, मग रडली. मी उरलेला पिझ्झा निष्ठापूर्वक संपवला. चव लागली नाही.

कावळा तृप्त झाला. सुहृदहो, मागे उरलेल्यांना चव कधी लागू लागते?