डेस्कटॉपवरची माणसं

नरसय्याकाकांवर अन्याय झाला. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराला, आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयात. करणारा मालक नव्हता, सरकार नव्हतं. करणारी मी होते.

काकांचा जन्म यंत्रमागावर सोलापुरी चादरी विणण्यात गेला. मागांच्या खडखडाटात कान गेले, म्हणून ते ओरडूनच बोलायचे. निवृत्तीनंतर जुन्या कामगारांच्या घरोघर जाऊन जबान्या घ्यायचे : कान कधी गेले, छातीत धूळ कधी बसली. समोरचाही बहुधा बहिराच. "आमची मुलाखत म्हंजे भांडण की! शेजारचे सोडवायला येतात," म्हणत स्वतःच हसायचे. तेलुगूत ऐकायचे आणि शब्द ताजे असतानाच कार्यालयात येऊन एका बोटानं मराठीत टंकायचे. बहिरेपण कामामुळेच आलं, हे मालकांकडून कबूल करून घ्यायला आमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

प्रत्येक माणसाच्या नावाची एक फाइल, आणि सगळ्या डेस्कटॉपवर. स्क्रीनवर बोट ठेवायला जागा नव्हती.

"काका, ही काय मंडई आहे? एका फोल्डरमध्ये टाका की."

"डोळ्याआड ठेवलं की इसरतो आपण. मान्सं हायत ती पोरी, कपाटात कोंडू नको."

त्या सोमवारी मोर्चाचं पत्रक छापायचं होतं आणि संगणक उघडेना. व्हायरस होता. काका पुतणीच्या बाळाच्या बारशाला अक्कलकोटला गेले होते. सात रस्ता चौकातला दुरुस्तीवाला आला. "फॉरमॅट मारावं लागतंय ताई. सी ड्राइव्ह उडवतो, डीला हात लावत न्हाय. चालंल?"

"महत्त्वाचं सगळं डीमध्येच आहे. मार."

डेस्कटॉपवर जे दिसतं ते सीमध्ये असतं, हे मला ठाऊक नव्हतं. फॉरमॅट करण्याची कारणं सगळी खरी होती. एक दिवस थांबायला हवं होतं, एवढंच. पत्रक वेळेत छापून झालं.

बुधवारी काका आले. रिकाम्या निळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. "माझी मान्सं कुटं हायत?"

ते ओरडून सांगणं माझ्यानं होईना. त्याच पत्रकाच्या मागे लिहून दिलं. काकांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "राजव्वा जबानी देऊन श्रावणात गेली. तिला आता कुटं जाऊन इचारू?"

दुसऱ्या दिवशी ते जाड वही घेऊन आले. "धागा तुटला तर रडत बसायचं न्हाय. माग थांबवायचा, गाठ मारायची." पुन्हा घरोघर फिरू लागले. काही घरांत आता हार घातलेला फोटोच होता. "तुम्हाला आठवतंय तसं लिहा ना काका," मी म्हटलं. ते भडकले. "तिचं बोलणं माझ्या तोंडून? मालकाचा वकील फाडून टाकंल. आन् फाडंल ते बरोबरच की!" गेलेल्यांची नावं घालून त्यांनी पानं कोरी सोडली.

फाल्गुनात काका गेले. सगळ्यांच्या जबान्या घेणाऱ्या या माणसाची जबानी घ्यायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. वही निम्मीच भरली आहे. ती माझ्याकडे आहे.

वाचणाऱ्या सोलापूरकरा, हळहळू नकोस. तुझ्या घरात, तुझ्या बोळात मागावर कान गमावलेलं एखादं माणूस अजून बसलेलं आहे. त्याच्यापुढे बस. ओरडून विचार. त्याच्याच शब्दांत लिहून घे, दोन प्रती कर, एक आमच्याकडे आणून दे. रविवारची वाट बघू नकोस. आज जा.