नोकरी नको असल्याचा अर्ज

चहा उकळेपर्यंत एक किस्सा ऐका. माझ्या हातून आयुष्यात जे घोटाळे झाले, त्यात हा पहिल्या क्रमांकाचा, आणि त्या क्रमांकासाठी चुरस मोठी होती. हसू आलं तर मला हसा. यातल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना हसायचं नाही, एवढी एकच अट.

मी तेव्हा बिबवेवाडीजवळच्या एका लहानशा मॅनेजमेंट कॉलेजात प्लेसमेंट अधिकारी होतो. पद भारदस्त. काम काय? तर एमबीए होणाऱ्या मुलांना नोकऱ्या लावायच्या आणि वर्षाच्या शेवटी माहितीपत्रकात छापायचं, की आमच्या मुलांना सरासरी इतका पगार मिळाला. प्रवेशासाठी येणारे पालक ग्रंथालय बघत नाहीत, प्राध्यापकांची नावं वाचत नाहीत. त्यांचं बोट थेट त्या आकड्यावर जातं.

आता हा आकडा वर कसा न्यायचा? पगार वाढवणं माझ्या हातात नव्हतं, आणि नोकरी न लागलेला मुलगा सरासरीत शून्य धरला जायचा. पण ज्या मुलाने ‘मला कॉलेजमार्फत नोकरी नको’ असं लिहून दिलं, तो हिशेबातून बाद होतो. कुणी परदेशी जाणार असतो, कुणाचा घरचा धंदा असतो. हे रास्तच आहे. संचालकांनी एकदा मला विचारलं, "असे किती आहेत यंदा?"

"दोन."

"दोनच?" म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. आपल्या पुण्यात एवढं पुरतं.

मी त्याच दिवशी एक छापील अर्ज तयार केला. मराठी माझं चांगलं आहे, शनिवार पेठेतल्या शाळेत शुद्धलेखनाला बक्षीस होतं मला. ‘मी खाली सही करणार, लिहून देतो की मला संस्थेमार्फत नोकरीची आवश्यकता नाही. हा निर्णय मी पूर्ण विचारांती, स्वखुशीने व कोणाच्याही सांगण्यावरून न घेता घेतला आहे. याबाबत भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ वाचून मलाच समाधान वाटलं. एकही पळवाट ठेवली नव्हती.

मग मी सही करणारे शोधायला लागलो.

रेश्मा शेडगे नावाची मुलगी होती. शांत, पहिल्या बाकावर बसणारी, इंग्रजीत बोलायची वेळ आली की खाली बघणारी. तिच्या प्रवेश-अर्जावर वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘मार्केट यार्ड, गूळ-भुसार विभाग’. आणि दोन्ही वर्षी संक्रांतीला ही मुलगी ऑफिसात गुळाची अख्खी ढेप आणून द्यायची. अख्खी. आमच्या घरी गूळ पावशेराने येतो, तोही डब्यात कुलूपबंद असल्यासारखा वापरतात. ज्याच्या घरून ढेप येते, तो गुळाचा व्यापारी असणार, यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

विचारायचं होतंत की, असं तुम्ही म्हणाल. कसं विचारणार? वडील काय करतात हे आपण विचारतो, त्यापुढे खोदून विचारणं आपल्यात बरं दिसत नाही. या सभ्यपणाने माझं आयुष्यात जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईट सवयींनी केलेलं नाही.

मी तिला बोलावलं. अर्ज पुढे केला. म्हटलं, "घरचं एवढं असताना तुम्ही कशाला मुलाखतींना बसता? ती जागा गरजू मुलाला मिळू द्या."

तिने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. म्हणाली, "सर, तुम्हाला असं वाटतं?"

"मला तर असंच वाटतं."

"बरं सर." सही केली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर काही तरी होतं. पण मी तेव्हा सरासरी काढत होतो. ती सहा लाखांवर गेली होती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पालक मेळावा आला. संचालक म्हणाले, एखादा उद्योजक पालक प्रमुख पाहुणा म्हणून हवा. मी तात्काळ म्हटलं, आहे ना आपल्याकडे. झालं. पत्रिका छापल्या. ‘सुप्रसिद्ध उद्योजक श्री. बाबूराव शेडगे’. सुप्रसिद्ध हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. कॉलेजच्या दारात लावायला फ्लेक्ससुद्धा सांगून ठेवला.

रेश्माला कळवायचं सोडून मी म्हटलं, मोठ्या माणसाला आमंत्रण समक्ष द्यावं. इस्त्रीचा झब्बा घातला, रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून अर्धा किलो पेढे घेतले आणि सकाळी मार्केट यार्डात पोहोचलो.

तुम्ही भुसार विभागात सकाळी गेला असाल तर माहीत असेल. उभं राहायला जागा नसते. ट्रक लागलेले, पोती उतरत असतात. मी मधोमध उभा राहून पाट्या वाचत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजू, बाजू!" आणि एका पोत्याने मला खांद्याला ढकललं. झब्ब्यावर धुळीचा पट्टा.

मी पुणेरी आवाजात म्हटलं, "अहो, जरा बघून चालत जा."

पोत्याखालचा माणूस चालता चालताच म्हणाला, "बघाया मान वर करावी लागती सायेब. ती कशी करू?"

उत्तर चोख होतं. तरी मी चिडून पुढच्या गाळ्यावर गेलो. गादीवर एक जाडसर गृहस्थ बसले होते. म्हटलं, "शेडगे शेठ कुठे भेटतील?"

"शेडगे शेठ कोणी नाही इथे. शेडगे हमाल आहे आपल्याकडे." आणि त्यांनी हाक मारली, "बाबूराव, कोण आलंय बघ!"

पोतं थप्पीवर टाकून, हातातला लोखंडी हूक कमरेला खोचत जो माणूस आला, तो कोण असेल हे तुम्ही ओळखलं असेलच. मीही ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही, म्हणून मी सुटलो असं क्षणभर वाटलं.

"मी रेश्माच्या कॉलेजातला. प्लेसमेंटचा..."

त्याची नजर माझ्या झब्ब्यावरच्या धुळीच्या पट्ट्यावर गेली आणि चेहरा एकदम बदलला. "सर? तुमी सोता आला? आन मी धक्का मारला तुमास्नी." त्याने घाईने नळावर हात धुतले, उपरण्याला पुसले, एक पोतं झटकून मला बसायला दिलं. ढेपेचं कोडं तिथेच सुटलं. दर संक्रांतीला शेठ प्रत्येक हमालाला एक ढेप देत. आपली ढेप हा माणूस मुलीच्या शिक्षकांसाठी पाठवत होता.

माझ्या हातात पत्रिका होती. ती मी झब्ब्याच्या खिशात सारली. पण पेढ्याचा पुडा खिशात मावत नव्हता. शेडगेंनी तो बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झालं म्हना की काम," ते म्हणाले. "सर सोता पेढे घिऊन आले म्हंजी पोरीला नोकरी लागली."

बोलायला हवं होतं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि शेडगेंनी त्यात पेढा घातला. मग पुडा घेऊन ते सगळ्यांना वाटत सुटले. वीस-पंचवीस माणसं जमली. हात कपाळाला लावून मला नमस्कार करायला लागली. शेठ गादीवरून उठून आले. म्हणाले, "अभिनंदन बाबूराव. सर, पगार किती?"

आता मी खरं सांगतो. मला त्या वर्षी एकच आकडा पाठ होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तोच आला असता. मी म्हटलं, "सहा लाख. वर्षाला."

शेठने बोटं न मोजता सांगितलं, "महिना पन्नास हजार."

शेडगेंनी कमरेचा हूक काढला. हातात घेऊन थोडा वेळ बघितला आणि गाळ्याच्या खांबाला एक खिळा होता, त्यावर टांगला. "पोरीला म्हनलो हुतो," ते मला म्हणाले, "तुजी नोकरी लागली त्या दिशी ह्यो टांगनार. पाठीचं डाक्टर कवापासनं सांगत्यात."

माझ्यासमोर एका माणसाने तीस वर्षांचं काम सोडलं होतं, माझ्या एका आकड्यावर. आणि त्या मुलीचा ‘नोकरी नको’ असा अर्ज माझ्या कपाटात, माझ्याच मराठीत होता. मला स्वतःची एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेश्मा ऑफिसात आली. बसली नाही.

"सर, बाबांनी हूक टांगला. मला कुठे नोकरी लागलीय?"

मी सगळं सांगितलं. ढेप, व्यापारी, पत्रिका, पेढे, सरासरी. ती ऐकत राहिली. शेवटी मीच चिडल्यासारखं म्हटलं, "पण तुम्ही त्या अर्जावर सही का केलीत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"अहो, पण गरज होती तर बोलायचं ना!"

"मला वाटलं, माझं इंग्रजी बघून सरांनी ओळखलंय की माझं होणार नाही. उगाच मुलाखतीत हसं नको म्हणून सर जपतायत." मग म्हणाली, "सर, बाबा घरी बसलेत. आज सकाळी उठून आंघोळ केली आणि नुसते बसून राहिले. कामाला न जाणं त्यांना येत नाही."

मी कपाट उघडलं, अर्ज काढला आणि फाडला. एकच कंपनी यायची राहिली होती, किराणा मालाची घाऊक खरेदी करणारी. पगार आमच्या माहितीपत्रकात छापण्यासारखा नव्हता, म्हणून मी त्यांना शेवटचा दिवस दिला होता. तिचं नाव यादीत घातलं. संचालकांना विचारलं नाही.

मुलाखतीत त्या लोकांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि रेश्मा खाली बघायला लागली. मी दाराबाहेर उभा होतो. मग त्यातल्या एकाने विचारलं, गूळ चांगला कसा ओळखायचा? तिने मान वर केली. वीस मिनिटं ती बोलत होती. मधे दोनदा ते हसले, पण तिला नाही. संध्याकाळी पत्र आलं. महिना अठरा हजार.

ते पत्र घेऊन मी सकाळी शेडगेंच्या खोलीवर गेलो. रेश्मा म्हणाली होती मी सांगते, पण मी म्हटलं, नाही, हे मलाच सांगायला हवं. शेडगे आंघोळ करून बसलेच होते. मी सांगितलं, की नोकरी आता लागली, तेव्हा लागलेली नव्हती. आणि सहा लाख ही सरासरी होती.

"सरासरी म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांचे पगार एकत्र करायचे आणि सगळ्यांत सारखे वाटायचे."

"वाटत्यात?"

"नाही. कागदावर."

त्यांनी विचार केला. "म्हंजी दुसऱ्याचा पगार तुमी माज्या पोरीच्या नावानं सांगितला."

एमबीएच्या दोन वर्षांत सरासरीची याहून स्वच्छ व्याख्या आमच्या एकाही प्राध्यापकाने केली नव्हती.

रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पत्र दोनदा उलटसुलट करून बघितलं, देवापुढे ठेवलं. म्हणाले, "पोरगी खुर्चीवर बसनार, हे तरी खरं हाय नव्हं? मग झालं. हूक अजून दोन वर्सं चालंल. पेढं तेवढं परत मागता येत न्हाईत." दुसऱ्या दिवशी खिळ्यावरून हूक काढून ते कामावर गेले.

मेळाव्याचा फ्लेक्स मी रद्द केला. प्रमुख पाहुणे म्हणून संचालकच बोलले, उद्योजकतेवर.

सरासरीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. रेश्माचे अठरा हजार त्यात धरले आणि आकडा सहाच्या खाली आला. फार नाही, थोडासाच. पण माहितीपत्रकं छापून आली होती. मी म्हटलं, दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. संचालकांनी मला बोलावून घेतलं.

"या मुलीचा नकाराचा अर्ज होता ना आपल्याकडे?"

"होता. मी फाडला."

"असं." त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझाच छापील अर्ज. ‘संस्थेमार्फत’ हा शब्द पेनने खोडून वर ‘संस्थेत’ केलं होतं. मला संस्थेत नोकरीची आवश्यकता नाही. पूर्ण विचारांती, स्वखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नाही, तक्रार नाही.

"मजकूर तुमचाच आहे," ते म्हणाले. "नवीन कशाला लिहायचा? छान जमलाय. वाचून घ्या."

"पाठ आहे," मी म्हटलं.

तरी सवयीने एकदा नजर फिरवली. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सापडेना. मी सही केली, खाली तारीख घातली आणि डबा घेऊन घरी आलो.

आठवड्याने रेश्माचा फोन आला. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. हळूच म्हणाली, "सर, पण तुम्ही त्या अर्जावर सही का केलीत?"

काय सांगणार? म्हटलं, "संचालकांनी सांगितलं म्हणून."