पागुमेचा सहावा दिवस

गाशे समाहेन यांना कचेरीत कुणी हसताना पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याला तीन कप कॉफी पाजीन. जन्मनोंदणीच्या खिडकीत हा माणूस, आम्हा सगळ्यांचा गाशे म्हणजे वडीलधारा, एकवीस वर्षं बसला. त्यातली शेवटची आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढली, आणि त्यांच्या तोंडून मी सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे ‘चूक’.

त्यांचा स्वतःचा जन्म कधीचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या काळी तारीख माहीत नसलेल्याला नव्या वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकायची रीत होती. त्यामुळे आमचं अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं, गाशेसुद्धा. याचं लोकांना हसू यायचं. गाशेंना राग यायचा. आपल्याला कुणीतरी घाईघाईत निकालात काढलं, असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं.

त्या रागातूनच त्यांनी तो प्रोग्राम लिहिला. एका जुन्या पुस्तकावरून, कुणी न शिकवता, दोन वर्षं खपून. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक प्रश्न यायचा, आपण उत्तर लिहायचं, पटलं तर पुढचा प्रश्न. मुलाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, दिवस, महिना, वर्ष. पटलं नाही तर एकच ओळ उमटायची: ‘चूक. परत लिहा.’ आणि पटेपर्यंत तोच प्रश्न.

आमच्याकडे तारीख सांगायची तऱ्हा निराळी, महिन्याचा दर दिवस एकेका संताच्या नावाचा. खिडकीत बाई म्हणणार, “मरियमच्या दिवशी झाला हो.” म्हणजे एकवीस. “मिकाएलच्या दिवशी,” म्हणजे बारा. प्रोग्रामला मरियम कळत नाही, मिकाएल कळत नाही, आकडाच लागतो. मी सुरुवातीला कंटाळून अर्धी नोंद सोडून बाहेर पडायची, तर गाशेंनी बाहेर पडायची कळच बंद करून टाकली. एकदा नाव घेतलं की ती नोंद पुरी होईपर्यंत सुटका नाही. संध्याकाळी ‘दिवस बंद करायचा का?’ असा प्रश्न यायचा, त्याला ‘हो’ म्हटलं की दिवसभराच्या नोंदी एकदम पक्क्या व्हायच्या. मग त्यात कुणाच्या बापाला बदल करता यायचा नाही. लाच घेऊन तारखा फिरवणाऱ्यांची खोड मोडायला ही तजवीज.

एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. “परदेशी प्रोग्रामला वर्षाचे महिने बाराच माहीत असतात,” ते म्हणायचे. “माझ्याला तेरा कळतात.” आणि खरंच, वर्षाच्या शेपटाला असलेला आमचा चिमुकला पागुमे त्यांचा प्रोग्राम निमूट घ्यायचा.

एके दिवशी कॉफीच्या बिया भाजताना माझा हात पोळला होता, म्हणून कीबोर्डवर गाशे स्वतः बसले. दुपारपर्यंत त्रेचाळीस नोंदी झाल्या. लोक लांबलांबच्या वाड्यांवरून चालत आलेले, नोंद झाली की उठून परतीला लागत होते. जन्मदाखल्याचा कागद मग कधी बाजाराला येतील तेव्हा न्यायचे. चव्वेचाळिसावी होती बेलेतू, उंच, काटक बाई, पाठीशी बांधलेली लहानगी. पोरीचं नाव तिहुन. म्हणजे ‘राहू दे हिला’. असं नाव कोणत्या घरात ठेवतात ते आम्हा दोघांनाही कळलं, पण विचारलं कुणीच नाही.

“जन्म?”

“पागुमे सहा. गेल्या वर्षीचा.”

गाशेंनी सहा लिहिला. ‘चूक. परत लिहा.’

बोट घसरलं असेल म्हणून त्यांनी परत लिहिला. चूक. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. पागुमेचे दिवस पाच, हे आपण शाळेत घोकतो. सहावा चार वर्षांतून एकदा उगवतो, आणि घरं सारवण्यात, नव्या वर्षाच्या सणाची मेंढी आणण्यात कधी मावळतो ते कळतही नाही. तेराव्या महिन्याचा अभिमान बाळगणारा माणूस त्या महिन्याचा एक दिवस विसरला होता.

“गाशे, पाच लिहा आणि मोकळे व्हा,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी पाच लिहिला. प्रोग्रामने घेतला. शेवटी नोंद मोठ्याने वाचून दाखवायची, हा त्यांचाच नियम. त्यांनी वाचली. “पागुमे पाच. बरोबर?”

बेलेतू सकाळपासून रांगेत उभी होती, आणि गाशे पडद्यावरची ती ओळ मोठ्याने वाचायचे ते सकाळपासून कान उघडे ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, “चूक. परत लिहा.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गाशेंनी ‘नाही’ लिहिलं, तारखेचा प्रश्न परत आला. सहाला यंत्र नाही म्हणत होतं, पाचला बाई. असं चार वेळा झालं.

“बाई, एका दिवसाने काय बिघडतं तुझं?” मीच न राहवून विचारलं.

“दोघी होत्या,” ती म्हणाली. “एक उजाडायच्या आधी आली, ती पाचची. ही उजाडून नवा दिवस लागल्यावर आली, ही सहाची. पाचची गेली. तुम्ही पाच लिहिलंत की कागद तिचा होतो. मग ही कुठे आहे?”

पाठीवरची तिहुन आईची वेणी चघळत होती.

त्या खोलीत त्या क्षणी कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. प्रोग्राम दुरुस्त करायचा तर आधी तो बंद करायला हवा. बंद करायचा तर ही नोंद पुरी करायला हवी, आणि तिला खरं उत्तर चालत नव्हतं. यंत्रच बंद केलं तर त्रेचाळीस नोंदी जाणार, आणि ती माणसं तर डोंगर ओलांडून गेलेली. गाशेंनी घाम पुसला. आपणच विणलेल्या टोपलीत हात अडकावा तसे ते बसून राहिले. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

मग ते उठले आणि त्यांनी भिंतीतली वायर उपटली.

“गाशे! त्रेचाळीस माणसं!”

“त्यांच्या घरी मी जाईन,” ते म्हणाले. “हिला दुसऱ्याच्या तारखेत घालणार नाही.”

दीड तासात त्यांनी प्रोग्राममध्ये सहावा दिवस घातला, कोणत्या वर्षी घ्यायचा त्याच्या हिशेबासकट. पहिली नोंद तिहुनची. बेलेतूने ऐकलं, मान हलवली आणि आभार न मानता निघून गेली. पुढचे तीन आठवडे गाशे वाड्यावाड्यांवर पायपीट करत होते. त्रेचाळीसही नावं परत आली. कचेरीत त्यांची वाहवा झाली.

त्यानंतर एका दुपारी ते जुन्या नोंदी उघडून बसले.

“त्सिगे,” ते म्हणाले, “सात वर्षांच्या नोंदींत, सहावा दिवस आलेल्या वर्षांत मिळून, पागुमे तीनची अकरा पोरं आहेत. चारची नऊ. पाचची चोवीस. पाचलाच एवढी कशी होतात?”

मी हातातला कप खाली ठेवला.

“तुला माहीत होतं.”

“होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. सहा घेत नाही म्हटल्यावर मी पाच लिहायची. बाया बिचाऱ्या काही बोलायच्या नाहीत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मी आले होते सांगायला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, चूक असेल, परत लिही.”

पक्क्या झालेल्या नोंदी बदलायची वाट त्यांनी स्वतःच बुजवून ठेवली होती. शेवटी त्यांनी चोवीस नावं एका कागदावर उतरवून घेतली. निवृत्त होईपर्यंत तो कागद त्यांच्या खणात होता. मधूनच ते काढायचे, माझ्यापुढे सरकवायचे आणि विचारायचे, यातली पाचची कोणती आणि सहाची कोणती, आठवून बघ.

मी प्रत्येक वेळी पहिल्या नावापासून वाचायची. मला एकही आठवलं नाही.