चार बोल्टांवरची हळद

या जगात माझ्या सासऱ्यांचा ज्याच्यावर काडीचाही विश्वास नाही असा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे सासरे. बाकी कोणावरही ते डोळे झाकून विसंबतात. पण स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप लागलं आहे, हे दुसऱ्या कोणीतरी ओढून दाखवल्याशिवाय त्यांना पटत नाही. घरात कोणी नसेल तर कुरिअरवाला, पेपरवाला, जिन्यातून उतरणारी शेजारीण, जो सापडेल त्याला ते थांबवतात. 'मी लावलंय, तुम्ही फक्त ओढून बघा,' असं अजिजीने म्हणतात. गॅस बंद करतात आणि कोणाला तरी बटण बघायला बोलावतात. आमटीत मीठ घालतात आणि चव मात्र दुसऱ्याने घ्यायची. गेल्या निवडणुकीत मशीनचं बटण दाबल्यावर त्यांनी पुठ्ठ्याच्या आडोशातून मान बाहेर काढली आणि केंद्रावरच्या बाईंना म्हणाले, 'मॅडम, बरोबर लागलंय का एवढं बघा की.' बाईंनी कपाळाला हात लावला. गुप्त मतदान म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात बराच वेळ रांग तुंबली. बाहेर आल्यावर ते माझ्यापाशी कुरकुरले, 'ज्याचं त्यानंच करायचं आन् ज्याचं त्यानंच बघायचं? असं कुठं असतंय?'

या सगळ्याचं मूळ कंपनीत आहे. ते लातूरकडचे. विसाव्या वर्षी चिंचवडला आले आणि इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं एकाच जागी उभे राहिले. डावीकडून इंजिन सरकत यायचं, यांनी त्याचे बोल्ट आवळायचे, इंजिन उजवीकडे जायचं. उजवीकडचा माणूस प्रत्येक बोल्टाला पाना लावून बघायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका असेल तरच इंजिन पुढे. आवळणाऱ्याने स्वतः खूण करायची नाही, हा तिथला कायदा, आणि तो सासऱ्यांच्या हाडात इतका मुरला की निवृत्त होताना कंपनीने दिलेली शाल त्यांनी घेतली आणि कायदा न मागता घरी आणला. खूण नसलेलं काम त्यांच्या लेखी झालेलंच नसतं, मग ते त्यांनी स्वतः डोळ्यात तेल घालून केलेलं का असेना.

आमचं लग्नसुद्धा याच कायद्याने जमलं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला, हिंजवडीत तुम्ही नेमकं काय करता, असं विचारलं. माझं काम आजवर माझ्या आईलाही समजलेलं नाही, त्यामुळे मी भीतभीत सांगितलं की दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मी तपासतो आणि चूक सापडली तर परत पाठवतो. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, माझी पत्रिका न उघडताच पिशवीत घातली आणि सासूबाईंना म्हणाले, 'खूण करणारा माणूस हाय.' सासूबाई म्हणाल्या, 'तुम्ही ठरवलं ना? आता मी बघते.' पुढचे आठ दिवस त्या माझ्या घरमालकाकडे, किराणावाल्याकडे आणि मेसच्या बाईंकडे जाऊन चौकशी करून आल्या. मेसच्या बाईंनी माझ्याविषयी काय सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही, पण लग्न झालं.

सासूबाई म्हणजे त्या घराचा उजवीकडचा माणूस. हिंजवडीजवळ, मारुंजी आणि माणच्या मधे त्यांची पाच गुंठे जमीन आहे. घेतली तेव्हा तिथे जायला धड वाट नव्हती. आता तिन्ही बाजूंनी उंच इमारती आहेत आणि ऊन अकराला येऊन दोनला निघून जातं. पलीकडच्या काँक्रीटच्या प्लांटची राखाडी धूळ मेथीवर बसते, ती तीन पाण्यांनी धुवावी लागते. अशा त्या अंधाऱ्या तुकड्यात दोघं दर रविवारी चिखलीच्या घरून दोन बस बदलून यायची आणि भाजी पिकवायची. नांगरटीला एक टिलर होता, बंद पडलेल्या नर्सरीकडून घेतलेला. पुढे इंजिन, खाली माती उकरणारी पाती आणि मागे धरायला दोन मुठी. तो चालवायच्या सासूबाई. सासरे मागून फावडं घेऊन चालायचे. इंजिनाच्या हादऱ्याने बोल्ट सैल होतात, म्हणून दर वेळी सुरू करायच्या आधी सासरे इंजिनाचे चार बोल्ट आवळायचे आणि बाजूला सरकायचे. मग सासूबाई पदर खोचून प्रत्येक बोल्ट फिरवून बघायच्या, पिशवीतून हळदीची डबी काढायच्या, बोट तेलात बुडवून हळदीत टेकवायच्या आणि चार ठिपके द्यायच्या. पिवळा रंग पिवळाच, असा त्यांचा हिशेब.

यात एक गंमत होती, आणि आमच्या घरात तिच्यावर पुष्कळ हसून झालं आहे. ज्या माणसाने कंपनीत अगणित इंजिनांचे बोल्ट आवळले, त्याच्या घरच्या टिलरचा एक तरी बोल्ट दर रविवारी ढिला सापडायचा. सासूबाई कमरेवर हात ठेवून सगळ्या इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, 'ह्यो बघा, फिरायलाय. एकतीस वर्षं पगार कशाचा घेतला हो तुम्ही?' सासरे खाली मान घालून पुन्हा पाना लावायचे. मला त्यांची कीव यायची. इतक्या वर्षांच्या संसारात बाईने एकदा तरी गप्प राहून तो बोल्ट स्वतः आवळून टाकावा, असं मला नेहमी वाटे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सासूबाई गेल्या. सासरे रडले नाहीत. तेराव्यानंतर आम्ही त्यांना आमच्याकडे राहायला या म्हणून फार आग्रह केला, तर म्हणाले, घर कोण बघणार? दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता माझ्या बायकोला व्हिडिओ कॉल येऊ लागला. पडद्यावर सासरे नसायचे, गॅसचं बटण असायचं. 'बंद दिसतंय का गं?' बायको म्हणायची, 'दिसतंय, बाबा.' मग बटण हलायचं, दार यायचं, कुलूप यायचं. पलीकडे कुलूप ओढल्याचा आवाज यायचा आणि ही म्हणायची, 'लागलंय.' तिच्या ऑफिसची मीटिंग सुरू असली तरी तिने तो कॉल कधी कापला नाही. बोलणं एवढंच. हल्ली मला कुठलंही कुलूप दिसलं की मी ते एकदा ओढून बघतो.

रान तसंच पडलं. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या टिलरच्या टाकीत पाणी शिरलं आणि इंजिन जाम झालं. मेकॅनिकने बघून सांगितलं की याला आता काही अर्थ नाही, नवीन बसवा. बायकोने नवीन इंजिन आणलं. त्याची बसायची भोकं जुन्याशी जुळेनात, म्हणून भोसरीच्या एका लेथवाल्याकडून मधे टाकायची लोखंडी पट्टीही करून आणली. दुपारभराचं काम होतं. पण इंजिन चार महिने आमच्या बाल्कनीत खोक्यात पडून राहिलं आणि बायको त्यावर कपडे वाळत घालू लागली. सासरे मात्र न चुकता दर रविवारी यायचे, शेडमध्ये उलट्या बादलीवर बसायचे, जुन्या इंजिनाच्या बोल्टाला पाना लावायचे आणि काढून घ्यायचे. आज अमावास्या आहे, पाना झिजलाय, हात भरून आलाय, कारणांना तोटा नव्हता. इकडे गाजरगवत कमरेपर्यंत आलं. कंपन्यांच्या बसगाड्या चालवणारा एक ठेकेदार, जागा पार्किंगला देता का, असं दोनदा विचारून गेला. शेजारच्या रानाचे अण्णा, त्या भागातले जुने शेतकरी, मला बांधावर गाठून म्हणाले, 'पाव्हणं, म्हाताऱ्याला म्हणावं औंदा रान मोकळं दिसाया नगं. आमी बी आसंच म्हनलो व्हतो, बगू म्होरल्या साली. आता आमच्या रानात लिफ्ट हाय.'

एका रविवारी मी वैतागून त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, 'मामा, आणा तो पाना, मी खोलतो.' त्यांनी माझा हात धरला. मग त्यांनी फडक्याने बोल्टावरची धूळ हलकेच झटकली. खाली तेलात मुरलेला हळदीचा ठिपका होता. चारही बोल्टांवर होते. 'खोललं की खूण मोडती,' ते म्हणाले. 'मोडल्यावर पुन्हा कोण करणार?' चार महिने मी त्यांना कामचुकार समजत होतो, याची मला लाज वाटली.

हा प्रश्न शेवटी माझ्या बायकोने सोडवला. तिला आईची जीभ आणि वडिलांचा कायदा, दोन्ही वारशात मिळालं आहे. ती रानात येऊन बापापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'बाबा, खूण कशाची असते? इंजिन चालायला तयार आहे याची ना? मग जाम झालेल्या इंजिनावर खूण ठेवून आईला खोटं पाडताय तुम्ही.' सासऱ्यांच्या कायद्यात हे बसत होतं. त्यांनी पाना लावला आणि एकेक करून चारही बोल्ट काढले, ठिपक्याला बोट न लावता, आणि रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. मग सासऱ्यांनी आणि मी जुनं इंजिन उचलून बाजूला ठेवलं, लोखंडी पट्टी बसवली, नवीन इंजिन वर चढवलं. पट्ट्याची दोन्ही चाकं एका रेषेत आली का ते त्यांनी सूत धरून पाहिलं. नवे बोल्ट त्यांनी स्वतः आवळले. मग पिशवीतून हळदीची डबी काढून माझ्या हातात दिली, 'तुम्ही बघा,' म्हणाले आणि हात धुवायला हौदाकडे गेले.

पहिला बोल्ट घट्ट होता. दुसरा घट्ट होता. तिसरा माझ्या नुसत्या बोटांनी अर्धा फेरा फिरला. मी मागे वळून पाहिलं. ते पाठमोरे वाकून हात चोळत होते, सदरा खांद्यावर लोंबत होता. वर्षभरात किती वाळले होते ते मला तेव्हा दिसलं. या माणसाला आज तरी असं काही सांगू नये, असं मला मनापासून वाटलं. मी पटकन पाना घेऊन तिसरा बोल्ट आवळला, चौथा तपासला आणि चारही बोल्टांवर हळदीचं बोट लावलं. ते आले. त्यांनी ठिपके पाहिले. 'सगळे बरोबर होते?' त्यांनी विचारलं. 'एकदम,' मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. त्यांनी एक सरी पुरी केली, टिलर बंद केला, परत आणून शेडमध्ये लावला आणि फडक्याने तिसऱ्या बोल्टावरचा ठिपका पुसून टाकला.

'तिसरा मी ढिला ठेवला होता,' ते म्हणाले. 'कंपनीत साहेब असाच एखादा ढिला ठेवून इंजिन पुढे सोडायचा. बघणारा बघतोय का नुसताच रंग लावतोय, ते कळायला पाहिजे ना. तिलाबी दर वेळी एक ठेवायचो. बारा वर्षांत एकबी सुटला नाही तिच्या हातून.' मी ओशाळून म्हणालो, 'मला सापडला होता, मामा. मीच आवळला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.' ते बादलीवर बसले. 'वाईट वाटायलाच पाहिजे की, जावईबापू,' ते अगदी शांतपणे म्हणाले. 'ती गेल्यापासून समदे लई गोड बोलायलेत माझ्याशी. आमटी खारट झाली तरी छान म्हणतेत. ढिलं हाय म्हणून तोंडावर सांगणारं कुणी ऱ्हायलं नाही.'

तेव्हापासून दर रविवारी मी रानात जातो. ते आवळतात, मी बघतो. एक सापडतोच आणि मी तो सांगतो. आधी जड गेलं, आता सासूबाईंसारखा कमरेवर हातही ठेवतो. ते खाली मान घालून पाना लावतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं त्याला समाधान म्हणतात, हे मला कधीच समजलं नव्हतं. रानात मेथी आली आहे. ठेकेदार हल्ली फिरकत नाही.

गेल्या रविवारी मला दोन सापडले, पहिला आणि चौथा. मी हसत म्हणालो, 'मामा, आज दोन ठेवलेत का?' ते उठून आले. दोन्ही बोल्ट त्यांनी स्वतः फिरवून पाहिले. मग उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि तिच्याकडे बघत राहिले. 'एकच ठेवला होता,' ते म्हणाले. त्यांनी पाना घेतला आणि दातओठ खाऊन दोन्ही आवळले. मी बाजूला उभा राहिलो. पाना त्यांच्या हातातून काढून घ्यावा असं फार वाटत होतं, तरी घेतला नाही. आवळून झाल्यावर ते सरकले आणि मी पुढे होऊन पाहिलं.

'चौथा अजून ढिला आहे, मामा,' मी म्हणालो.

'बरं,' ते म्हणाले, आणि पुन्हा पाना लावला.